पाय उचलू नका

विल्फ : ...आणि धुकं म्हणजे किती दाट? मी काच खाली करून हात बाहेर काढला, तर हात धुक्यातच अडकून बसला. रेग म्हणाला, "ओढ जोरात, मनगटावर सरकारी घड्याळ आहे."

मेव्हिस : गेल्या खेपेला टोपी अडकली होती.

विल्फ : टोपी आधी अडकली. ती काढायला म्हणूनच हात घातला ना!

मेव्हिस : हेदर, याच्याकडे लक्ष देऊ नकोस, रस्त्याकडे दे. पंचेचाळीस वर्षं पोलिसात काढल्यासारख्या गप्पा मारतो, नोकरी पुरती पंचवीस नाही झाली. सँडविच देऊ का? चीज आणि लोणच्याचं आहे.

हेदर : गाडी थांबली की घेते, मेव्हिसबाई. टॅटरसॉलसाहेब, संग्रहालयासाठी दुरुस्त केलेली गाडी कशी वाटतेय?

विल्फ : साहेब नको गं. साहेब मी कधी झालोच नाही. शिपाई म्हणून लागलो, शिपाई म्हणूनच घरी आलो. विल्फ म्हण. गाडी म्हणशील तर रंग तोच, पांढरा. टपावर निळा दिवा, बंपरवर घंटा, सगळं जागच्या जागी. फक्त वास बदललाय. तेव्हा रबराचा नि रेगच्या पाइपचा वास यायचा, आता खुराड्याचा येतो.

हेदर : तेवीस वर्षं कोंबड्या राहत होत्या हिच्यात. मागच्या सीटवर अंडी घालायच्या.

मेव्हिस : तरीच मघापासून काहीतरी टोचतंय.

विल्फ : आणि बघ, रेगचा आरसाही आहे! ड्रायव्हरचा वेगळा, शेजारच्याचा वेगळा. दोन आरसे असले की समजायचं, गाडी पोलिसांची. अशा सहाच बनवल्या, अख्ख्या इंग्लंडात सहा. चारही चाकं ओढणारी गाडी तेव्हा कुणी स्वप्नात पाहिली नव्हती. बर्फात पाखरासारखी पळायची. एकदा वळण इतक्या जोरात घेतलं, की मला माझीच मागची नंबरपाटी वाचता आली. आणि ती पेटी तर... असो. इथून डावीकडे घे. खालच्या रस्त्याला चहाचं चांगलं दुकान आहे.

हेदर : "आणि ती पेटी तर" म्हणालात.

विल्फ : म्हणालो का?

हेदर : ब्रेकची पेटी. तुमच्या गुडघ्यांसमोर, त्या पत्र्याच्या मागे आहे.

विल्फ : आहे म्हणजे? ती काढून टाकली असशील ना?

हेदर : नाही. दुरुस्तही करावी लागली नाही. साफ करून जोडलीये.

विल्फ : जोडलीस? अगं, संग्रहालयात ठेवायच्या गाडीला ती पेटी कशाला? डावीकडे म्हटलं मी. फाटा गेला बघ!

मेव्हिस : विल्फ, ओरडतोस काय? चहा आहे माझ्याकडे. पण हेदर, हा रस्ता तर हॅगवर्मच्या उताराकडे जातो.

हेदर : हो.

मेव्हिस : त्या उताराने आम्ही जात नाही, बाई. तुला माहीत नसेल. माझा भाऊ तिथे गेला. रेग ऑल्डरसन. मघापासून हा ज्याचं नाव घेतोय, तोच. खाली वळणावर जो पूल आहे, त्याच्या कठड्यावर. मार्चच होता.

हेदर : मला माहीत आहे, मेव्हिसबाई. म्हणूनच आले. आधी सांगायला हवं होतं, चुकलं माझं. पण आधी सांगितलं असतं तर विल्फ गाडीत बसले नसते.

विल्फ : तू आहेस तरी कोण?

हेदर : संग्रहालयाची माणूस आहे, ते खोटं नाही. आडनाव सांगितलं ते नवऱ्याचं. लग्नाआधीचं लोमॅक्स.

विल्फ : लोमॅक्स.

हेदर : डेनिस लोमॅक्स माझे वडील. पेटी त्यांनी बनवली.

विल्फ : चष्मेवाला लोमॅक्स... तो... आहे अजून?

हेदर : आहेत. चौऱ्याऐंशी पूर्ण. थॉर्नसाइडच्या वृद्धाश्रमात असतात, उतार संपला की पुढे दोन मैल. तुम्ही चौकशीत सांगितलंत, पेडलने पाय मागे ढकलला आणि ब्रेक गेले. पेटीची हवेची टाकी रिकामी सापडली. तुमच्या साहेबांनी लिहिलं, टाकी गळत होती. बाकीच्या पाच गाड्या भंगारात गेल्या, ही ठोकलेली तेवढी खुराडं म्हणून उरली. बाबांनी कारखाना सोडला आणि जन्मभर शाळेत पोरांना लाकूडकाम शिकवलं. म्हणायचे, स्टूल कुणाचा जीव घेत नाही.

मेव्हिस : अरे देवा.

हेदर : एक्केचाळीस वर्षं ते ती गळती शोधतायत. अजून कागदावर आकृत्या काढतात. कुठून गळाली असेल, कोणता सांधा. गेल्या वर्षी ही गाडी मिळाली तेव्हा मी पहिल्यांदा टाकीच तपासली. हवा भरली, काट्यापाशी खडूने खूण केली. तीन आठवडे तशीच ठेवली. काटा खुणेवरून केसभरही हलला नाही.

विल्फ : एक्केचाळीस वर्षांनी काय कळणार? कोंबड्यांनी बुजवली असेल गळती. खरंच! आमच्या शेजारच्या हॉर्नबीची गळकी बादली एका कोंबडीने...

हेदर : विल्फ.

विल्फ : गोष्ट खरी आहे.

हेदर : तुमच्या गोष्टी गावच्या पबमध्ये सगळ्यांना पाठ आहेत. मी तिथे तीन संध्याकाळी बसले होते. गोठलेल्या तळ्यावरून चोराचा पाठलाग, डुकराला लावलेली बेडी, सगळं ऐकलं. हसलेही. पण मला आज एकच गोष्ट हवीये, नि ती खरी हवीये. टाकी गळत नव्हती, मग रिकामी कशी झाली?

मेव्हिस : त्याने शपथेवर सांगितलंय, बाई. बायबलवर हात ठेवून. मी समोर बसले होते.

हेदर : मग माझं चुकत असेल. तसं असेल तर मी आत्ता, या उतारावर, मृत्यूच्या पेटीवर पाय ठेवून निघालेय. समोर बघा. चढ संपला.

विल्फ : थांबव.

हेदर : मेव्हिसबाई, तुम्हाला उतरायचं असेल तर इथे थांबते. खाली पोचले की तुम्हाला न्यायला परत येईन.

मेव्हिस : माझा भाऊ ज्या रस्त्याने गेला तो मी कधी पाहिला नाही. तू चालव. विल्फ, तू उतरतोस?

विल्फ : पाऊस पडून गेलाय. रस्ता साबणासारखा झालाय.

मेव्हिस : उतरतोस की बसतोस, ते विचारलं.

विल्फ : ...बसतो.

हेदर : मग काम करा. तुम्ही पहिल्या श्रेणीचे ड्रायव्हर. पोलिसांच्या ड्रायव्हिंग शाळेत गाडी चालवताना दिसेल ते मोठ्याने बोलायला लावायचे ना? रस्त्याची कॉमेंट्री?

विल्फ : आठ आठवडे. उठता-बसता. माझी आई म्हणायची, हा झोपेतही घोडागाडीला वाट देतो.

मेव्हिस : आजही देतो.

हेदर : करा मग. मी चालवते, तुम्ही बोला. त्या दिवशी इथून निघालात तसं.

विल्फ : त्या दिवसाचं मला...

हेदर : दिसतंय ते बोला. बास.

विल्फ : ...उतार सुरू. रस्ता ओला, दोन्हीकडे दगडी भिंती. वेग पस्तीस मैल. आरसा मोकळा, मागे कोणी नाही. पुढे दोनशे यार्डांवर उजवं वळण, त्याच्यापुढे काही दिसत नाही, म्हणून गियर एक खाली. खाली घे, पोरी!

हेदर : घेतला. पन्नाशीची आहे मी.

विल्फ : डावीकडे फाटक, बंद. त्याच्यामागे कोठार. तेव्हा तिथे ट्रॅक्टर होता. लाल. रेग म्हणाला, मालक बदलला वाटतं. वेग चाळीस. आम्ही पंचावन्नवर होतो. खाली गावात बँकेवर दरोडा पडला म्हणून निरोप आला होता.

मेव्हिस : मला तर सांगितलंस, एका म्हातारीला दवाखान्यात न्यायचं होतं.

विल्फ : ती वेगळी खेप. नाही. वेगळी नाही. दरोडासुद्धा नव्हता, मेव्ह. निरोप वगैरे काही नव्हता. मी रेगला दाखवत होतो, गाडी किती पळते ते.

मेव्हिस : काय?

हेदर : पुढे बोला. वळण घेतलं मी. पुढे काय?

विल्फ : सरळ तुकडा. शंभर यार्ड. मग डावं वळण, तीव्र, पुढे आणखी आवळतं. त्याला लागूनच पूल, अरुंद. वेग पंचेचाळीस. जास्त आहे, हेदर! ब्रेकची जागा आता येते, तो पांढरा दगड. तिथे रेग म्हणाला, "मेंढ्या." तिथेच म्हणाला. मी म्हटलं, "दिसल्या." आणि पाय ब्रेकवर...

मेव्हिस : मेंढ्या!

विल्फ : हो, तेव्हा मेंढ्या...

मेव्हिस : आत्ता! समोर! पुलावर मेंढ्या आहेत!

हेदर : ब्रेक! पेडल... पेडल पायाला धक्के देतंय! मागे ढकलतंय!

विल्फ : ढकलू दे! दाबून धर!

हेदर : थरथरतंय सगळं!

विल्फ : थरथरू दे, पेटी काम करतेय! पाय उचलू नकोस! उचलू नकोस, हेदर, मी उचलला होता! धर! धर! धर!

(गाडी थांबली आहे. इंजिन चालूच आहे. बाहेर मेंढ्या ओरडताहेत.)

मेव्हिस : माझ्या मांडीवर सगळा चहा सांडलाय.

हेदर : भाजलं का?

मेव्हिस : नाही. याला थंड चहा आवडतो म्हणून मी नेहमी निवलेलाच भरते. चाळीस वर्षं याच्या आवडीचा चहा भरतेय मी.

विल्फ : सरळ थांबली. बघितलंस? रेघ मारल्यासारखी. त्या मेंढीच्या नाकात नि आपल्या घंटेत वीतभर अंतर आहे.

मेव्हिस : विल्फ, तू काय म्हणालास मघाशी?

विल्फ : घाबरून माणूस काहीही...

मेव्हिस : गोष्ट नको. मी तुझ्या सगळ्या गोष्टी ऐकल्यात, हसलेय, लोकांसमोर "खरंच हो" म्हटलंय. ही एक नको.

विल्फ : ...आम्हाला आठ आठवडे एकच शिकवलं, मेव्ह. ओल्या रस्त्यावर चाक अडकून घसरायला लागलं की पाय उचल, परत दाब. उचल, दाब. पाय न उचलणारा नापास. माझा पाय इतका तयार होता की मला विचारायचाच नाही. मग एक दिवस शाळेत हिचा बाप आला. बसने. खिशात खडू. आम्ही वीस ड्रायव्हर, रांगेत बसून हसतोय, बसने आलेला माणूस आम्हाला ब्रेक शिकवणार म्हणून. त्याने फळ्यावर तीनदा लिहिलं, "पाय उचलू नका." म्हणाला, जे तुम्ही पायाने करता तेच पेटी तुमच्यापेक्षा वेगाने करते. तुम्ही मध्ये उचललात तर दर वेळी टाकीतली हवा जाते. चौथ्यांदा काही उरणार नाही. आणि हाताने असं दाखवलं. तळवा खाली दाबून धरून. रेगने नंतर त्याची नक्कल केली होती, कँटीनमध्ये. सगळे हसून लोळले.

हेदर : आणि इथे?

विल्फ : इथे मेंढ्या दिसल्या. पाय दाबला. पेडलने धक्का दिला नि माझ्या पायाला वाटलं, चाक अडकलं. उचलला. दाबला. उचलला. रेगला कळलं होतं. तो ओरडला, "धरून ठेव, विल्फ!" ऐकलं मी. स्पष्ट ऐकलं. पण पायाला ऐकू येत नाही ना. चौथ्यांदा पेडल थेट फळीला टेकलं. कठडा त्याच्या बाजूला होता.

मेव्हिस : रेग शेवटचं ते बोलला?

विल्फ : हो.

मेव्हिस : तू तर सांगितलंस, "मेव्हला सांभाळ" म्हणाला.

विल्फ : ते मी मागाहून जोडलं.

मेव्हिस : त्या एका वाक्यावर मी तुझ्याशी लग्न केलं, विल्फ टॅटरसॉल.

विल्फ : माहीत आहे मला.

हेदर : चौकशीत हे का नाही सांगितलं?

विल्फ : बरगड्या मोडून दवाखान्यात पडलो होतो. साहेब आले, टोपी काढून खुर्चीवर बसले. म्हणाले, "पेडलने पाय मागे ढकलला, नाही का?" ढकलला होताच. मी "हो" म्हटलं. तेवढं एकच खरं होतं. पुढचं त्यांनी लिहिलं, मी सही केली, नि चौकशीत शपथेवर तेच वाचलं. आमच्या दलाचा पहिल्या श्रेणीचा ड्रायव्हर चुकला, यापेक्षा बसने आलेल्या माणसाची पेटी चुकली, हे सगळ्यांनाच बरं वाटलं.

मेव्हिस : अपघाताआधी तू असा बोलका नव्हतास. आठवतंय मला. रेग बोलायचा, तू मान हलवायचास. त्यानंतर सुरू झालं हे सगळं, डुकरं नि धुकं नि तळं.

विल्फ : गोष्ट चालू असली की कुणी मध्ये प्रश्न विचारत नाही.

मेव्हिस : आणि फुलं?

विल्फ : कसली फुलं?

मेव्हिस : दर मार्चला रेगच्या थडग्यावर कोणीतरी डॅफोडिल ठेवून जातं. पिवळ्या सुतळीने बांधलेली, चिठ्ठी नाही. मी लग्नाआधी तुला विचारलं होतं, तू ठेवतोस का? तू मान खाली घातलीस. मला वाटलं, किती भला माणूस.

विल्फ : मी "हो" म्हणालो नव्हतो.

हेदर : फुलं बाबा ठेवतात, मेव्हिसबाई. दोन वर्षांपासून मी नेऊन ठेवते, त्यांना चालवत नाही म्हणून. सुतळी त्यांच्या लाकूडकामाच्या खोलीतली.

मेव्हिस : ज्याने काही केलं नाही तो एक्केचाळीस वर्षं फुलं ठेवतोय.

विल्फ : मेव्ह, मला मार, शिव्या दे, काहीतरी...

मेव्हिस : मारीन नंतर. आत्ता माझा स्कर्ट ओला आहे नि मेंढ्या निघून गेल्यात. हेदर, इथून थॉर्नसाइडला किती वेळ?

हेदर : पाच मिनिटं. पण आज लगेच नको असेल तर... मला कागदावर लिहून दिलंत तरी चालेल, विल्फ.

विल्फ : हां, लिहून देतो. सविस्तर. घरी गेल्यावर, निवांत बसून...

मेव्हिस : कागद नको. निवांत बसलास की तू त्यात डुक्कर घालशील. तोंडाने सांगायचं, त्याच्या समोर. चालव, हेदर.

विल्फ : तो मला काय म्हणेल?

मेव्हिस : म्हणू दे काय म्हणायचं ते. आणि वाटेत गप्प बसू नकोस. गप्प बसलास की तुझ्या डोक्यात काहीतरी शिजतं. कॉमेंट्री कर.

विल्फ : ...पूल ओलांडला. कठडा... डावीकडे. नवा दगड आहे. रंग जुळलेला नाही.

मेव्हिस : पुढे.

विल्फ : रस्ता सपाट. वेग तीस. समोर सायकलवर पोस्टमन, आपल्याकडे बघतोय, हात केला. आरसा मोकळा. मेव्ह, तू रेगच्या आरशात दिसतेस.

मेव्हिस : रस्ता बघ.

हेदर : एक सांगायचं राहिलं. मी काल या उतारावरून एकटी चार वेळा उतरले होते. पेटी चालते हे मला कळलं होतं. नाहीतर तुम्हाला आणलं नसतं.

विल्फ : मग मघाशी एवढी ओरडलीस का?

हेदर : काल रस्ता कोरडा होता. आणि मेंढ्या नव्हत्या. मीही पाय उचलणार होते, विल्फ. तुम्ही ओरडला नसता तर उचललाच असता.

विल्फ : हे त्याला सांगशील?

हेदर : तुमचं सांगून झालं की सांगेन. हे बघा फाटक. आतली वाट वृद्धाश्रमाची खासगी आहे, दीडशे यार्डांची. इकडे या, स्टिअरिंगवर बसा.

विल्फ : मी? मी त्या दिवसानंतर गाडीला हात लावला नाही. लायसन्स कधीचं गेलं.

मेव्हिस : मला तर म्हणालास, डोळ्यांत पाणी येतं म्हणून डॉक्टरांनी बंदी घातलीये. आम्ही दोघांनी सगळं आयुष्य बसने काढलं, हेदर. पावसात थांब्यावर उभं राहून.

हेदर : खासगी वाटेला लायसन्स लागत नाही. या.

विल्फ : ...सीट पुढे आहे. ठीक आहे. पहिला गियर. आरसा. फाटक उघडं, निघालो. उजवीकडे बाक, बाकावर दोन बायका, बोट दाखवतायत. वेग आठ. नऊ. डावीकडे हिरवळ. समोर इमारत, खालच्या मजल्याला मोठी खिडकी. खिडकीत खुर्ची. खुर्चीत एक माणूस. चष्मा.

हेदर : गाडी ओळखली त्यांनी. उभे राहतायत.

विल्फ : उभा राहिला. काचेला हात लावलाय. नाही... हात हलवतोय. तो काय करतोय, हेदर? मला नीट दिसत नाही.

हेदर : तळवा खाली दाबून धरलाय.

विल्फ : ...पायरी दहा यार्डांवर. पाय ब्रेकवर. दाबला. धरलाय.

मेव्हिस : थांबली गाडी, विल्फ.

विल्फ : धरलाय.

मेव्हिस : केव्हाच थांबली. आता काढ पाय, नि उतर.

विल्फ : काढतो. आधी त्याला हात खाली घेऊ दे.